मोटरला हुकूम वेगळा, पाण्याची खबर वेगळी

प्रश्न : सप्रेम नमस्कार सर. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडं. आम्ही १४ घरांनी मिळून मलप्रभेच्या काठाला पंप बसवलाय. भात आणि ऊस, थोडा भाजीपाला. गावापासून शिवार सव्वादोन किलोमीटर. थ्री फेज करंट पाळीनं येतो, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. रात्रीच्या पाळीला माझे सासरे बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातात. त्यांचं वय ७१. वाटेत गवे असतात, गेल्या हिवाळ्यात अस्वल आडवं गेलं. नदीकाठी मोबाइलची रेंज येते-जाते. आम्हाला नदीची पातळी, एका टाकीतलं पाणी आणि सहा ठिकाणची जमिनीतली ओल घरबसल्या बघायची आहे, आणि मोटरही घरातून चालू-बंद करायची आहे. गटानं ६०,००० रुपये बाजूला काढलेत. बेळगावचे एक विक्रेते म्हणतात सिमवाली एनबी-आयओटी यंत्रं घ्या. पुण्याचा दीर म्हणतो लोरावॅन घ्या, १५ किलोमीटर जातं. गावातला इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणतो, नुसते लोराचे मॉड्यूल आणा, मी जोडून देतो. सिगफॉक्स असंही एक नाव वाचलं. काय घ्यावं? चुकलं तर १४ घरांना तोंड मलाच दाखवायचं आहे.

– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात आठ सेन्सर आहेत, तीन सल्लागार आहेत, पण माझी नजर अडकली ती रात्री बॅटरी घेऊन निघालेल्या मामांजींवर. म्हणून आधी मोटरचं बोलू. तुम्ही दोन वेगळी कामं एकाच पिशवीत घातली आहेत आणि तिथंच सगळा घोळ झाला आहे. ओल किती, पाणी किती ही नुसती खबर. ती अर्धा तास उशिरा आली तरी बिघडत नाही, एखादी चुकली तरी पुढची येते. मोटर चालू कर, बंद कर हा हुकूम. तो पोचला की नाही हे लगेच कळायला हवं. खबरीला लागतं ते तंत्र हुकमाला पुरत नाही, आणि हुकमाला लागतं ते खबरीला महाग पडतं.

मोटरपाशी वीज आहेच. मग तिथं 'कमी विजेवर वर्षानुवर्षं चालणारं' काही घेण्याचं कारणच नाही. तिथं बाजारात मिळणारा चांगला फोरजी स्टार्टर बसवा. दुकानात टूजीवर चालणारे स्वस्त स्टार्टर अजून दिसतील. ते घेण्याआधी एक बघा, जिओचं टूजी नाहीच, त्यामुळं तो स्टार्टर त्या सिमवर चालणार नाही. रेंज येते-जाते म्हणता, तर ती नक्की कुठं येते ते शोधा. पंपाच्या खोलीत पत्र्याखाली फोन मुका असतो, आणि बाहेर दहा फुटांवर दोन कांड्या असतात, असं नदीकाठी नेहमी होतं. स्टार्टरला बाहेरची अँटेना लावता येत असेल तर ती खोलीवर पाइपला चढवा. घेण्याआधी दोन कंपन्यांची सिम फोनमध्ये घालून चार दिवस, दिवसा आणि मध्यरात्री, त्या जागेवरून कॉल लावून वहीत लिहून काढा. रात्रीच्या वेळी एकट्यानं जाऊ नका, दोघं-तिघं मिळून जा.

तिथं एकाही सिमला भरवशाची रेंज नसेल तर मोटरसाठीही लोरावॅन (सिमशिवाय, आपलाच छोटा टॉवर लावून दूरवर छोटे निरोप नेणारं रेडिओचं तंत्र) वापरता येतं, पण त्यातला 'क्लास सी' प्रकार. हा फरक विक्रेते सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. बॅटरीवरचं लोरावॅन यंत्र बहुतेक 'क्लास ए' असतं. ते आपली खबर सांगतं, मग साधारण एका सेकंदानं आणि दोन सेकंदांनी क्षणभर कान उघडं ठेवतं, 'माझ्यासाठी काही निरोप?' असं विचारतं आणि झोपी जातं. ते अर्ध्या तासानं बोलत असेल तर तुमचा हुकूमही अर्धा तास दारात ताटकळणार. क्लास सी यंत्राचा कान कायम उघडा असतो. त्यासाठी वीज खर्च होते, पण मोटरपाशी ती आहेच.

कुठलाही स्टार्टर घ्या, पण तीन गोष्टींशिवाय घेऊ नका. पहिली, हुकूम 'चालू कर' असा नको, 'दोन तास चालू कर' असा हवा. म्हणजे मधेच रेंज गेली तरी मोटर आपली आपण बंद होते. दुसरी, पाणी तुटलं, फेज गेला किंवा फूटव्हॉल्व (पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप) गाळात अडकला तर मोटर जागच्या जागी थांबली पाहिजे. ती थांबवायला बेळगावहून किंवा इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून निरोप यायची वाट बघायची नाही. तिसरी, 'मोटर चालू झाली' हा उलटा निरोप रिले (स्टार्टरमधला छोटा स्विच) खटकन वाजल्याचा नको, वायरीतून खरोखर किती अँपिअर जातात ते मोजून आलेला हवा. रिले वाजतो आणि कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मोटरला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, पॉइंट जळालेला असतो. घरी फोनवर हिरवा ठिपका, आणि भात कोरडं.

आणि एक. घरातून चालू होणारी मोटर म्हणजे काठावर वाकलेल्या माणसाच्या पाठीमागं उभा राहिलेला धोका. फूटव्हॉल्व साफ करायला कुणी पाण्यात उतरलं आणि घरात कुणी बटण दाबलं, तर काय होईल ते लिहवत नाही. उतरणाऱ्यानं फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचे, हा नियम गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहा आणि १४ घरांच्या सह्या घ्या. पंपाला अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून याच आठवड्यात बघून घ्या.

आता खबरीकडं येऊ.

एका जागेवरून तुम्हाला काय पाठवायचं आहे? ओल दोन बाइट, तापमान दोन, पाण्याची पातळी असेल तर दोन, बॅटरी किती उरली त्याचा एक. सातेक बाइट. 'मोटर चालू झाली' हे वाक्य मराठीत टाइप करून पाठवलं तरी त्याहून कितीतरी जास्त लागतात. अर्ध्या तासाला एकदा म्हणजे दिवसात ४८ वेळा. इतकंसं काम आहे. त्यासाठी वायफाय नको आणि मोठं नेटही नको. गरज आहे ती फक्त दूरवर पोचण्याची आणि बॅटरी टिकण्याची.

यात सिगफॉक्स मी आधीच बाजूला काढतो. त्यात एका निरोपात १२ बाइट आणि दिवसाला १४० निरोप बसतात, म्हणजे तुमचं काम कागदावर भागतं. पण जाळं त्यांचंच, आपल्याला स्वतःचा टॉवर लावता येत नाही. फ्रान्समधली ही मूळ कंपनी जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या वाटेला लागली आणि त्याच वर्षी सिंगापूरच्या युनाबिझनं तिचा कारभार घेतला. तंत्र वाईट नाही. पण जांबोटीच्या जंगलात त्यांचं जाळं येईल या भरवशावर १४ घरांचे पैसे मी लावायला सांगणार नाही.

एनबी-आयओटीचं तसं नाही. ते मोबाइलच्या घरातलं तंत्र आहे, २०१६ साली त्याचा मानक ठरला, आणि जुन्या जीपीआरएसपेक्षा (टूजीवरच्या नेटपेक्षा) साधारण २० डेसिबल खोल, म्हणजे शंभरपट अशक्त सिग्नलमध्येही ते ऐकू शकतं. शहरात, तळघरातल्या पाण्याच्या मीटरला, मी डोळे झाकून तेच सांगेन. बेळगावात टिळकवाडीत किंवा शहापुरात कुणी विचारलं तर माझं उत्तर वेगळं असतं. गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे निरोप गोळा करणारं आपलं खोकं, लावायचा नाही, सांभाळायचा नाही, कंपनीचा टॉवर आहे.

तुमच्याकडं त्यात तीन अडचणी दिसतात. फोनवर कांड्या दिसतात म्हणजे त्या टॉवरवर एनबी-आयओटी चालू आहे असं होत नाही. ती सेवा कंपनीनं त्या टॉवरवर वेगळी चालू करावी लागते. फोन बघून कळत नाही, ते यंत्रच नेऊन बघावं लागतं. दुसरं, हे तंत्र अशक्त सिग्नलवर मात करतं ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून. पाठवताना एकच तुकडा १२८ वेळांपर्यंत. पोचतं खरं, पण बॅटरी त्यातच संपते. 'दहा वर्षं बॅटरी' हे पत्रकावरचं वाक्य टॉवरजवळचं असतं, तुमच्या नदीकाठचं नसतं. तिसरी अडचण मला जास्त टोचते. जाळं चालू ठेवायचं की नाही हे आपल्या हातात नसतं. जपानच्या डोकोमोनं आपलं एनबी-आयओटी २०२० मध्ये बंद केलं. अमेरिकेत एटी अँड टीनंही हात काढून घेतला. आपल्याकडं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण आठ यंत्रं, आठ सिम, आठ रिचार्ज, आणि टॉवरवरचा निर्णय दुसऱ्याचा, एवढं धरून विक्रेत्याला एकच विचारा : 'एक यंत्र आमच्या काठावर आठ दिवस लावून दाखवता का?' हो म्हणाले तर त्यांच्याशी पुढं बोला.

राहिलं लोरा. तुमच्या शिवारासाठी माझा कौल त्याला आहे, आणि त्यातही लोरावॅनला, म्हणजे लोराच्या लहरीवर ठरलेल्या नियमांनी चालणाऱ्या जाळ्याला. का ते सांगतो.

तुम्ही शिवारात हाक मारताना कधी लक्ष दिलंय? बांधावरचा माणूस जवळ असेल तर 'रामा!' एवढं पुरतं. नदीपलीकडं असेल तर 'ए रामाऽऽऽऽ' असं लांबवावं लागतं, आणि आवाज खालून वर चढवत न्यावा लागतो. वारा असला, पाणी वाहत असलं तरी तो चढता सूर कानाला बरोबर ओळखू येतो. लोरा तेच करतं. त्याची लहर खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत घसरत जाते, आणि गोंगाटाखाली दबलेली असली तरी गेटवेला ती ओळखता येते. किती लांबवायचं त्याला स्प्रेडिंग फॅक्टर म्हणतात, ७ पासून १२ पर्यंत. एक पायरी वर चढलं की हाक जवळपास दुप्पट लांबते.

हे लांबवणं फुकट नाही. तुमच्या सात-दहा बाइटचा निरोप, वरचं वेष्टन धरून, स्प्रेडिंग फॅक्टर ७ वर सुमारे ६२ मिलिसेकंदांत जातो. १२ वर त्यालाच जवळजवळ दीड सेकंद लागतो. चोवीसपट. बॅटरीचा हिशेब बघा. पूर्ण जोरानं पाठवताना यंत्र साधारण १२० मिलिअँपिअर ओढतं. दिवसाला ४८ निरोप १२ वर पाठवले तर २.४ मिलिअँपिअर-तास गेले. ७ वर पाठवले तर ०.१. झोपेत १० मायक्रोअँपिअर धरलं तर रोजचे ०.२४ आणखी. पेन्सिल सेलच्या आकाराचा ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल सुमारे २,४०० मिलिअँपिअर-तासांचा असतो. भागाकार करा : लांब हाक मारणारं यंत्र अडीच वर्षांत संपतं, आखूड हाकेचं कागदावर १९ वर्षं जातं. सेल आपोआपही झिजतो, सेन्सरलाही वीज लागते, कान उघडं ठेवायलाही लागते, म्हणून तुम्ही सात-आठ वर्षं धरा. (हा सेल चार्ज करायचा नसतो, फुटतो. पोरांना आधीच सांगून ठेवा.)

म्हणजे खरी कमाई गेटवे कुठं लावता यात आहे. गेटवे उंचावर असेल तर सगळ्या सेन्सरांना आखूड हाक पुरते. तो घराच्या माळ्यावर, कौलांखाली ठेवला तर सगळे जन्मभर ओरडत राहतात.

दीर म्हणतात ते १५ किलोमीटर खोटं नाही. राजहंसगडावर गेटवे लावून येळ्ळूरच्या मोकळ्या भातशेताकडं बघितलं तर ते जमूही शकतं. पण तुमच्याकडं झाडी आहे, उतार आहे, ऊस आहे. आणि लहर दोरीसारखी सरळ रेषेत जात नाही, मध्यावर फुगलेल्या मुसळासारखी जागा तिला लागते. सव्वादोन किलोमीटरवर, ८६६ मेगाहर्ट्झला, वाटेच्या मध्यावर रेषेभोवती सगळीकडून साधारण साडेआठ मीटर मोकळं हवं. २८ फूट. एवढं पूर्ण मोकळं नसलं तरी निरोप जातो, पण मग हाक लांबवावी लागते.

ऊस काय करतो ते मी स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी निपाणीकडं, वेदगंगेच्या काठच्या एका मळ्यात मी तीन सेन्सर लावले. एप्रिल महिना, ऊस गुडघ्याएवढा. चार फुटी खुंटांवर डब्या बसवल्या, ९९ टक्के निरोप येत होते, मी समाधानानं घरी आलो. सप्टेंबरात एक सेन्सर गप्प झाला, दुसऱ्याचा चारातला एक निरोप येऊ लागला. गेलो, पात्यांनी हात कापून घेत सरीतून आत शिरलो. डबी ठणठणीत होती. अँटेनेला उसाचं ओलं पातं लपेटून चिकटलं होतं, आणि चहूबाजूंनी दहा फूट हिरवी भिंत. पाऊस पडतो म्हणून रेंज जाते असं लोक म्हणतात. या लहरीची लांबी जवळपास ३५ सेंटिमीटर, पावसाचे थेंब तिला फारसं काही करत नाहीत. अडवतं ते ओलं पान. उत्तर मिळत नाही म्हणून त्या यंत्रांनी आपण होऊन हाक १२ पर्यंत लांबवली होती, आणि पाच महिन्यांत सेलचा दम अर्धा करून ठेवला होता. डब्या बांधावर आणून १५ फुटी जीआय पाइपवर चढवल्या, वायर जमिनीखालून पाइपातून सरीत नेली. तासाभरात तिन्ही बोलायला लागले.

तेव्हा तुमचे सेन्सर बांधावरच, उसाच्या शेंड्याच्या वर. ओलीची कांडी तेवढी सरीत, तिची वायर जाड पाइपातून, नाहीतर उंदीर आणि खेकडे ठेवत नाहीत. पाचट पेटवायच्या आधी डबी काढून आणायची, हेही वहीत लिहा. अँटेना उभीच हवी, सगळ्यांची उभी. लोखंडी डब्यात अँटेना ठेवली तर ती तिथंच मेली. वायर डबीत शिरते ते भोक खालच्या बाजूला हवं, आणि शिरण्याआधी वायरीला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे पाणी झोलावरून टपकतं, आत जात नाही. कणकुंबीकडून येणारा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. त्याच्यापुढं दुकानातल्या 'वॉटरप्रूफ' चिठ्ठीला अर्थ नाही.

गेटवे गावच्या पाण्याच्या टाकीवर लावा. टाकी उंच आहे, तिथं जिना आहे, आणि वॉटरमन रोज तिथं जातो. ग्रामपंचायतीला अर्ज द्या, कन्नडमधून लिहून घ्या म्हणजे पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) टेबलावरून लवकर हलतो. वॉटरमनला विश्वासात घ्या, कारण जुलैत पावसात वर चढून बघणारा तोच आहे. गेटवेचं खोकं वर अँटेनेजवळच बसवा आणि खाली फक्त नेटची केबल आणा, वीजही त्याच केबलमधून वर जाते. खोकं खाली ठेवून साध्या आरजी-५८ केबलनं दहा मीटर वर अँटेना नेली तर साधारण पाच डेसिबल केबलच खाते, म्हणजे निम्म्याहून बरीच जास्त शक्ती वाटेतच संपते. वळवाच्या विजांसाठी लाइटनिंग अरेस्टर आणि स्वतंत्र अर्थिंग लागेल. सोबत एक बॅटरी ठेवा, गेटवेला फार वीज लागत नाही. गेटवे आठ चॅनलचा घ्या. एक चॅनलचा स्वस्त मिळतो, पण तो एका वेळी एकाच पट्टीतली, एकाच लांबीची हाक ऐकतो, बाकीच्या हाका वाऱ्यावर.

इथं इंजिनिअरिंगच्या मुलाचं उत्तर येतं. मुलगा हुशार असणार, आणि त्याच्या हातानं हे काम व्हावं असं मलाही वाटतं. पण नुसतं लोरा म्हणजे फक्त आवाज. कुणाची हाक, कितवी हाक, शेजारच्या गावातल्या कुणीतरी तुमच्या मोटरला खोटा हुकूम सोडला तर तो ओळखायचा कसा, हे सगळं त्याला स्वतः लिहावं लागेल. लोरावॅनमध्ये ते आधीच ठरलेलं आहे : प्रत्येक यंत्राच्या वेगळ्या किल्ल्या, १२८ बिटांचं कुलूप, निरोपांची मोजणी. शिवाय डिसेंबर २०२१ मध्ये आयटीयूनं (संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेनं) त्याला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता दिली, त्यामुळं सेन्सर एकाचा, गेटवे दुसऱ्याचा असं चालतं. उद्या मुलगा नोकरीला बेंगळूरला गेला तर त्याच्या वहीतलं फक्त त्याला कळणारं काही मागं राहायला नको. त्याला सांगा, लोरावॅनच घे, आणि सर्व्हर म्हणून चर्पस्टॅक वापर. तो मुक्त आहे, फुकट आहे, आणि गावातल्याच छोट्या कॉम्प्युटरवर चालतो. मग बाहेरचं इंटरनेट दोन दिवस बंद पडलं तरी गावात आकडे दिसत राहतात.

खरेदी करताना फ्रिक्वेन्सी डोळ्यांत तेल घालून बघा. आपल्या देशात विनापरवाना वापराला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोकळा आहे. आधी ८६७ पर्यंतच होता, २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत वाढला. ऑनलाइन मिळणारी अमेरिकेची ९१५ वाली यंत्रं घेऊ नका. त्यांचे चॅनल आपल्याकडं मोबाइल फोन टॉवरशी बोलतात त्या पट्ट्यात पडतात, म्हणजे गावाचीच रेंज आपण बिघडवणार, आणि ते बेकायदा आहे. युरोपच्या ८६८ वाल्या यंत्रात बहुतेक वेळा भाग तोच असतो, पण त्याचे ठरलेले चॅनल ८६८.१ पासून सुरू होतात, आपल्या पट्ट्याच्या बाहेर. सेटिंगमध्ये 'आयएन८६५' (भारतासाठी ठरलेले चॅनल) निवडता येतं का, आणि ईटीए (रेडिओ यंत्राला लागणारी सरकारी) मंजुरी आहे का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला लेखी विचारा.

६०,००० एकदम खर्च करू नका. आधी मोटरचा स्टार्टर, त्यातच मामांजींची रात्रीची वाट थांबते. मग गेटवे आणि दोनच सेन्सर, एक नदीच्या पातळीचा, एक तुमच्या सगळ्यात लांबच्या, उसातल्या बांधावरचा. तो लांबचा बोलला की बाकीचेही बहुतेक बोलतील. उरलेले पैसे पुढच्या हंगामापर्यंत बँकेत राहू देत. नदीच्या पातळीचा सेन्सर पाण्यात सोडायचा नको, वरून खाली बघणारा घ्या आणि मोठ्या पुराच्या खुणेच्या वर बसवा. २०१९ साली पाणी कुठपर्यंत आलं होतं ते मामांजींना विचारा, त्यांना झाडासकट माहीत असेल.

आणि चाचणी आत्ता, ऊस उभा आणि पानं ओली असताना. गेटवे विकत घ्यायच्या आधी मागून आणा, एक दिवस टाकीवर ठेवा. एक सेन्सर बांबूला बांधून आठही जागी न्या, प्रत्येक ठिकाणी १०० निरोप पाठवा आणि किती पोचले, कितव्या स्प्रेडिंग फॅक्टरवर पोचले ते लिहा. शंभरातले ९० च्या वर पोचले आणि स्प्रेडिंग फॅक्टर ९ च्या आत असेल तर ती जागा पक्की. कमी असेल तर बांबू पाच फूट उंच करून पुन्हा मोजा. तो आठ ओळींचा कागद मला पाठवा, गेटवे टाकीच्या कुठल्या बाजूला बांधायचा ते मी त्यावरून सांगतो.